रेल्वेने गुलामीतून निसटलेल्यांचं प्रदर्शन गावात मांडायचं असेल तर

मी गोव्यातल्या धारबांदोडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवते. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटलेल्या माणसांवर आम्ही आधी शाळेत आणि नंतर गावच्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासात, प्रदर्शन मांडलं. आता दुसऱ्या शाळांतले शिक्षक, वाचनालयवाले, चवथीचे देखावे करणारी पोरं विचारतात, बाई, हे कसं करायचं? म्हणून नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी, काय मांडायचं नाही ते ठरवा. साखळदंड, चाबूक, वळ उठलेली पाठ हे मांडू नका. आपल्याकडे देखाव्याची हौस मोठी आणि थर्माकोलचे साखळदंड एका रात्रीत तयार होतात. पण ते पाहून माणूस "बिचारे!" म्हणतो आणि चपला घालून घरी जातो. ही माणसं बिचारी नव्हती. त्यांनी पैसे साठवले, कपडे शिवले, गाड्यांच्या वेळा माहीत करून घेतल्या, कोणावर विश्वास टाकायचा हे पारखलं आणि मग निघाली. त्यांचा विचार, त्यांची तयारी दिसली पाहिजे. छळ लपवायचा असं मी म्हणत नाही. तो मजकुरात स्पष्ट शब्दांत लिहा. पण मधोमध ठेवायची ती त्यांची अक्कल आणि हिंमत.

दारातल्या पहिल्या फलकावर एक घोळ मिटवून टाका. 'अंडरग्राउंड रेलरोड' ही खरी रेल्वे नव्हती. दक्षिणेतल्या गुलामगिरी असलेल्या राज्यांतून पळालेल्यांना उत्तरेकडे आणि कॅनडात पोचवणाऱ्या माणसांचं ते गुपचूप जाळं होतं. स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबं, क्वेकर पंथाचे लोक, काही चर्च असे त्यात होते. वाटाड्याला कंडक्टर म्हणत, आसरा देणाऱ्या घराला स्टेशन. आमच्या कुळ्याकडच्या मुलांच्या उशाशी घाट आणि मालगाड्या. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, बोगदा कुठं होता?" बोगदा नव्हता. पण याच काळात काहीजण खऱ्याखुऱ्या आगगाडीत, तिकीट काढून, दिवसाढवळ्या निसटले. प्रदर्शन त्यांच्यावर करा. पाहणाऱ्याला गाडी ठाऊक असते, टीसी ठाऊक असतो, फलाटावरची धाकधूक ठाऊक असते. तिथून तो आत शिरतो.

गोष्टी तीनच घ्या. दहा घेतल्या की एकही डोक्यात राहत नाही.

पहिली फ्रेडरिक डग्लस यांची, जे पुढे मोठे वक्ते आणि लेखक झाले. ३ सप्टेंबर १८३८ रोजी ते मेरीलँडमधल्या बाल्टिमोरहून खलाशाच्या वेशात गाडीत चढले. लाल शर्ट, डांबरी कापडाची टोपी, गळ्यात खलाशी बांधतात तसा काळा रुमाल. कृष्णवर्णीय प्रवाशाला आपण गुलाम नाही हे सिद्ध करणारा कागद दाखवावा लागे. डग्लस यांच्याकडे होता तो एका खलाशी मित्राचा उसना कागद, आणि त्यावरचं वर्णन त्यांच्याशी जुळत नव्हतं. खिडकीवर तिकीट काढायला गेले असते तर कारकुनाने कागद नीट वाचला असता. म्हणून ते गाडी सुटता सुटता चढले. सामान एका घोडागाडीवाल्या मित्राने ऐन वेळी आणून दिलं. गाडीतल्या कंडक्टरने, म्हणजे टीसीने, कागदावर छापलेलं गरुडाचं चिन्ह पाहिलं, वर्णन वाचलं नाही, आणि पैसे घेऊन पुढे गेला. पुढे नावेतून नदी पार, परत गाडी, विल्मिंग्टनहून आगबोट, फिलाडेल्फियाहून पुन्हा गाडी. चोवीस तासांच्या आत ते न्यूयॉर्कला होते.

हा फलक गोव्यात चांगला उभा राहतो, कारण आपल्याकडे घरोघरी तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, आहेत. सीडीसीचं, म्हणजे खलाशाच्या ओळखीचं, पुस्तक म्हणजे काय, ते हरवलं तर घरात काय होतं, हे मुलांना सांगावं लागत नाही. टेबलावर एक कागद ठेवा: वर हाताने काढलेला गरुड, खाली उंची, रंग, अंगावरची खूण. हे वर्णन पाहणाऱ्याशी जुळणार नाही असंच लिहा. शेजारी एकच ओळ: 'कंडक्टर तुमच्यापासून चार बाकांवर आला आहे.' एवढं पुरतं. कोणाच्या खऱ्या सीडीसीची झेरॉक्स मात्र लावू नका. त्यावर खरा नंबर आणि खरा पत्ता असतो.

याच फलकावर ॲना मरी हिचं नाव मोठ्या अक्षरांत घाला. ती स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई, बाल्टिमोरमध्ये घरकाम करायची. डग्लस यांच्या प्रवासाला तिचा पैसा आणि तिचा आधार होता. १५ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये दोघांचं लग्न झालं. डग्लस यांच्यावरचे फलक पुष्कळदा तिला एका ओळीत उरकतात. निसटण्याची पूर्ण रीत डग्लस यांनी गुलामगिरी संपेपर्यंत छापली नाही, हेही लिहा. मागून येणाऱ्यांची वाट बंद होऊ नये म्हणून ते गप्प राहिले.

दुसरी गोष्ट एलेन आणि विल्यम क्राफ्ट या नवरा-बायकोची. डिसेंबर १८४८, जॉर्जिया राज्यातलं मेकन गाव. विल्यम सुतारकाम करायचा, एलेन शिवणकाम. एलेनचा रंग इतका उजळ की ती गोरी म्हणून खपून जाई. तिने आजारी गोऱ्या जमीनदाराचा, म्हणजे पुरुषाचा, वेश घेतला आणि विल्यम तिचा नोकर झाला. त्या काळी गोऱ्या बाईने नोकर पुरुषाला घेऊन असा प्रवास केला असता तर लोकांच्या नजरेत भरलं असतं; म्हणून पुरुषवेश.

याच्या मांडणीला नाटकवाल्यांची मदत घ्या. गावात जत्रेला नाटक होतंच, ड्रेपरीवाल्याची ओळख असतेच. त्याच्याकडून उंच टोपी, हिरव्या काचांचा चष्मा, पांढरं फडकं आणि हात गळ्यात अडकवायची झोळी आणा. पुतळा उभा करू नका. चारही वस्तू साध्या टेबलावर अंतर सोडून ठेवा आणि प्रत्येकीपुढे प्रश्न ठेवा: ही कशासाठी? उत्तर पुठ्ठ्याच्या झडपेखाली. उजवा हात झोळीत, कारण तिला लिहिता येत नव्हतं आणि हॉटेलच्या वहीत सही करावी लागे. गालाभोवती फडकं, कारण दाढी नव्हती आणि दुखण्याच्या निमित्ताने बोलणंही टळे. चष्मा नजर लपवायला. टोपी पुरुषी थाटासाठी. आमच्याकडे झोळीची झडप उघडल्यावर मोठी माणसंसुद्धा "अरे!" म्हणत. शिकू न दिलेल्या बाईने आपली निरक्षरताच कशी झाकली, हे ती झोळी सांगते. व्याख्यानाने ते होत नाही.

झडपांच्या खाली त्यांचा मार्ग लावा: मेकनहून गाडीने सव्हाना, तिथून आगबोटीने चार्ल्सटन, पुन्हा बोट, पुन्हा गाड्या, रिचमंड, वॉशिंग्टन, बाल्टिमोर आणि नाताळच्या सकाळी फिलाडेल्फिया. मेकनच्या गाडीत एलेनच्या शेजारी येऊन बसला तो तिच्या मालकाचा स्नेही, तिला लहानपणापासून पाहिलेला. तो बोलायला लागला तेव्हा तिने कमी ऐकू येत असल्याचं सोंग केलं. बाल्टिमोरला अधिकाऱ्याने या नोकराचे कागद दाखवा म्हणून अडवलं आणि गाडी सुटायची वेळ झाली म्हणून शेवटी सोडलं. ही दोन ठिकाणं नकाशावर लाल टिकलीने दाखवा.

तिसरी गोष्ट हेन्री ब्राउनची, आणि यासाठी सुतार लागेल. व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये तो तंबाखूच्या कारखान्यात राबायचा. १८४८ मध्ये त्याची गरोदर बायको नॅन्सी आणि मुलं विकली गेली आणि दूर नॉर्थ कॅरोलायनात नेली गेली. पुढच्या मार्चमध्ये ब्राउनने स्वतःला लाकडी पेटीत बंद करून पार्सल म्हणून फिलाडेल्फियाला पाठवलं. लांबी ३ फूट, रुंदी २ फूट, उंची २ फूट ८ इंच. श्वासाला तीन बारीक भोकं, सोबत थोडं पाणी आणि काही बिस्किटं. घोडागाडी, रेल्वे, आगबोट, पुन्हा रेल्वे, असे २७ तास. 'ही बाजू वर' असं पेटीवर लिहिलेलं असूनही ती उलटी ठेवली गेली आणि तो डोक्यावर उभा राहिल्यासारखा अडकून पडला; डोळे बाहेर येतील असं त्याला वाटलं. मग बसायला जागा हवी म्हणून दोन माणसांनी पेटी आडवी केली, म्हणून तो वाचला.

ही पेटी खऱ्या मापाची करा. चित्र चालणार नाही, छोटी प्रतिकृतीही चालणार नाही. ८ बाय ४ च्या प्लायची दोन शीट लागतात, आतून पट्ट्या मारा, कडा पॉलिश पेपरने घासा. आमच्या सुतारकाकांनी माप ऐकलं, टेप जमिनीवर धरली आणि विचारलं, "ह्यात माणूस?" मग स्वतः गुडघे पोटाशी घेऊन टेपशेजारी बसून पाहिलं. त्यांनी पेटीचे पैसे घेतले नाहीत. एक मोठी बाजू पूर्ण उघडी ठेवा आणि तिला झाकण करूच नका. मुलं आत बसणार आणि कोणीतरी गमतीने झाकण लावणार, हे गृहीत धरा. ज्याला बसायचं त्याला बसू द्या, पण एका वेळी एकच आणि शेजारी मोठं माणूस. समोर घड्याळ आणि एक फलक: 'मडगावहून राजधानी एक्स्प्रेसने दिल्लीला जायला साधारण एक दिवस लागतो. ब्राउन त्याहून जास्त वेळ यात होता.' ब्राउनला पेटीत घालून पाठवणाऱ्या सॅम्युअल स्मिथ या गोऱ्या दुकानदाराने नंतर आणखी माणसं अशीच पाठवायचा प्रयत्न केला आणि तो तुरुंगात गेला. हे पेटीच्या मागच्या बाजूला लिहा.

मजकूर लिहिताना नाव आणि धंदा आधी येऊ द्या: 'विल्यम क्राफ्ट, सुतार', 'एलेन क्राफ्ट, शिवणकाम करणारी'. ते कोणाच्या मालकीचे होते हे खाली, बारीक अक्षरांत.

तीन गोष्टींनंतर एक छोटी भिंत रेल्वेची ठेवा, नाहीतर रेल्वे म्हणजे मुक्तिदाता असा समज होतो. दक्षिणेतल्या पुष्कळशा रेल्वेमार्गांवर गुलामांनाच राबवून घेतलं गेलं. दलाल माणसांना विकायला त्याच रेल्वेने आणखी दक्षिणेला नेत. एकाच रुळांवर दोन बाण काढा, एक वर, एक खाली. खालचा बाण जाड काढा. त्याच्याच शेजारी १८५० चा पलायनविरोधी कायदा, उत्तरेत पोचलेल्यांनाही पकडून परत धाडणारा. पकडलेल्या माणसाचा निकाल देणाऱ्या आयुक्ताला, माणूस मालकाकडे परत धाडला तर १० डॉलर मिळत आणि सोडून दिला तर ५. दोन लिफाफे टाचा, एकावर १०, दुसऱ्यावर ५. याच कायद्यामुळे क्राफ्ट दांपत्याला बॉस्टन सोडून इंग्लंडला जावं लागलं.

स्वतः निसटून, पुन्हा पुन्हा मागे जाऊन इतरांना सोडवून आणणाऱ्या हॅरिएट टबमन यांना वगळता येणार नाही, लोक त्यांनाच शोधत येतात. पण आकडे जपून लिहा. १९ फेऱ्या आणि ३०० माणसं हा आकडा जुन्या चरित्रातून पसरला. आजचे अभ्यासक सुमारे १३ फेऱ्या आणि सुमारे ७० माणसं सांगतात. ७० माणसं सोडवणं लहान काम आहे का? फुगवायची काही गरज नाही. त्यांची खऱ्या रेल्वेची गोष्ट नायगाराची आहे. तिथल्या झुलत्या पुलावरून १८५५ पासून गाड्या जात होत्या आणि पलीकडे कॅनडा, जिथे ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी १८३४ मध्येच संपली होती. १८५६ मध्ये टबमन काही जणांना घेऊन त्या पुलावरून गेल्या. त्यात जो बेली नावाचा माणूस होता, त्याला पकडून देणाऱ्याला १५०० डॉलरचं इनाम जाहीर झालेलं. बाकीचे खिडकीतून धबधबा पाहत होते आणि जो मान खाली घालून बसला होता. पूल ओलांडून गाडी कॅनडात शिरल्याचं टबमन यांनी सांगितलं, तेव्हा त्याने मान वर केली. दूधसागरावरून जाणाऱ्या गाडीत खिडकीसाठी भांडणाऱ्या आमच्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आता एक मोह टाळा. इंटरनेटवर दिसेल की गोधड्यांवरच्या नक्ष्या हा पळणाऱ्यांसाठी गुप्त संकेत होता. गोधडी टांगली की भिंत सुंदर दिसते, आणि आयांना शिवायलाही आवडेल. पण निसटलेल्यांच्या स्वतःच्या जबान्यांत त्याचा पुरावा नाही. दुधीभोपळ्याच्या पात्राच्या नावाने सप्तर्षींकडे बोट दाखवणारं गाणंही पहिल्यांदा छापलं गेलं ते १९२८ मध्ये. दोन्ही सोडा. या माणसांनी जे खरं केलं ते पुरेसं थरारक आहे. त्यावर कल्पित चढवलं की खरंही कल्पित वाटायला लागतं.

ध्रुवतारा मात्र खरा आहे, टबमन त्याच्याच आधारे रात्री चालत. तो दाखवायला एक संध्याकाळ ठेवा. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षींचे पहिले दोन तारे ईशान्येला चांगले वर आलेले असतात आणि ते दोघेच ध्रुवाकडे नेतात. हात ताणून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते. गोव्यात ध्रुव क्षितिजापासून दीड मूठ वर, मेरीलँडमध्ये जवळजवळ चार मुठी. उत्तरेला डोंगर असेल तर आपल्याकडे तो दिसतच नाही, म्हणून उघडं पठार किंवा शेत निवडा.

कल्पना हव्या असतील तर अमेरिकेतली संग्रहालयं पाहा; घरबसल्या त्यांची छायाचित्रं मिळतात. ओहायो नदीकाठी सिनसिनाटीला २००४ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात केंटकीहून उचलून आणलेलं लाकडी ओंडक्यांचं दुमजली कोठार आहे. विकायला नेण्याआधी माणसं त्यात डांबत. ते २१ बाय ३० फुटांचं. आम्ही कबड्डीच्या मैदानासारखी फक्की मारून तेवढा चौकोन शाळेच्या पटांगणावर आखला आणि एकेका वर्गाला त्यात उभं राहायला सांगितलं. त्याला खर्च काही नाही. नायगारा फॉल्सचं केंद्र २०१८ चं, तिथल्या रेल्वे स्टेशनला लागून जुन्या कस्टम्सच्या इमारतीत आहे. हॉटेलातल्या कृष्णवर्णीय वाढप्यांनी लोकांना नदीपार नेलं हे तिथे कळतं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातला रेल्वेचा अख्खा डबा पाहून हुरळून जाऊ नका. तो १९२२ चा, गोरे-काळे वेगळे बसवणारा डबा, गुलामगिरी संपल्यानंतरचा. या प्रदर्शनात त्याचा फोटो लावलात तर मुलं दोन काळ एक करतात.

पालकांपैकी कोणीतरी विचारतंच, अमेरिकेचं आपल्याला कशाला? त्यासाठी शेवटची भिंत गोव्याची ठेवा. मोझांबिककडून माणसं आणून पोर्तुगिजांनी गोव्यात गुलाम म्हणून विकली. १६ व्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच माणसाने मुख्य रस्त्यावरच्या रोजच्या लिलावाचं वर्णन लिहून ठेवलं आहे, आणि त्यात माणसंही विकली जात. हा रस्ता जुन्या गोव्यातला. फेस्ताला आपण त्याच बाजूने चालतो. पोर्तुगालने गुलामांच्या व्यापारावर १८३६ मध्ये बंदी आणली, गुलामगिरी रद्द केली १८६९ मध्ये. गोव्यातून पळालेले कित्येकजण घाट चढून जंगलात गेले. कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या सिद्दी समाजाच्या पूर्वजांत ते होते असं मानलं जातं. या भिंतीवर आगगाडी काढू नका. मुरगावची रेल्वे १८८० च्या दशकातली, म्हणजे नंतरची. ही माणसं पायी गेली.

सिद्दी समाजातल्या कोणाला बोलावणार असाल तर बोलायला बोलावा. 'डमामी नाच करून दाखवा' असं निमंत्रण धाडू नका. भाड्याचे पैसे आणि मानधन आधी ठरवा, आणि त्यांना जे सांगायचं नसेल ते विचारू नका. घरी कोंकणी बोलणारे पुष्कळ आहेत, दुभाषा लागत नाही.

नाट्यछटेचं काय, असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. मुलांना गुलाम आणि मालक करून उभं करू नका, पाठलाग तर मुळीच नको. कुत्रे भुंकायचा आवाज काढणाऱ्या मुलाला हसू येतं, बघणाऱ्यांनाही येतं, आणि तिथेच सगळं संपतं. मुलांना वाटाडे करा. एका मुलाला एकच गोष्ट द्या, दोन मिनिटांची, त्याच्या शब्दांत. पाठ करून घेऊ नका.

बाकी साधं. फलकांना नाटकाचे फ्लॅट वापरा, वरून खादी किंवा मांजरपाट ताणा. मजकूर सनबोर्डवर, एका फलकाला सत्तर-ऐंशी शब्दांहून जास्त नाही, अक्षर हातभर अंतरावरून आजीला वाचता येईल एवढं. पावसाळ्यात करू नका, कागद सुटून येतो. पेटीवर एक पिवळा बल्ब, बाकी नेहमीचे ट्यूबलाइट. जुनी चित्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत. ब्राउन पेटीतून बाहेर येतानाचं १८५० चं शिळाछाप चित्र तिथे मिळतं. त्या चित्राच्या छापील प्रतीसाठी तेवढे रंगीत प्रिंटचे पैसे राखून ठेवा.

उतरवताना पेटीच्या फळ्यांना आतून आकडे घाला आणि स्क्रू डब्यात वेगळे ठेवा, खिळे मारले असतील तर ती पुन्हा उभी राहत नाही. आमची पेटी सध्या सांगे तालुक्यातल्या एका शाळेत आहे. त्यानंतर कोणाला हवी असेल तर टेम्पोची सोय तुम्ही करा, फलकांचा मजकूर मी देते.